मोटारसायकलची किल्ली हरवली तर: पहिल्या पंधरा मिनिटांपासून नव्या लॉकसेटपर्यंत

पालच्या खंडोबाची यात्रा पौषात भरते. कराड तालुक्यातलं तारळी नदीकाठचं हे गाव. देवाच्या लग्नाच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत मुलीची चप्पल निसटली म्हणून मी खाली वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातली स्प्लेंडरची किल्ली पडली. तेव्हा कळलंच नाही. कळलं ते दीड तासानं, कापणी झालेल्या रानात लावलेल्या शेकडो गाड्यांमधून आपली गाडी शोधून खिशात हात घातला तेव्हा. हँडल लॉक, टाकीला लॉक, सोबत दोन लहान मुलं आणि दुपारचं ऊन.

दुसरी किल्ली घरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी भाच्याकडून ती हरवली होती आणि मी म्हटलं होतं, ‘एक आहे ना, चालतंय की.’ यात्रेत किल्ली पडली हे निमित्त झालं. खरी चूक त्या ‘चालतंय की’मध्ये होती. दोनाची एक किल्ली झाली त्याच दिवशी बाजारात जाऊन दुसरी करून घेतली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं. पुढं जे लिहितो आहे ते त्या दिवसापासून जमवलेलं आहे: स्वतःच्या अनुभवातून, किल्लीवाल्यांशी बोलून आणि मेकॅनिकच्या दुकानात बसून.

पहिली पंधरा मिनिटं

गाडीपासून लगेच लांब जाऊ नका. आधी गाडीच नीट बघा. किल्ली इग्निशनला लटकलेली असते, टाकीच्या झाकणात राहिलेली असते, सीटच्या किंवा साईड पॅनलच्या लॉकमध्ये असते. पेट्रोल भरून आला असाल तर पंपावरच राहिली असण्याची शक्यता मोठी. झाकण लावताना किल्ली टाकीवर किंवा सीटवर ठेवली जाते आणि पैसे देण्याच्या गडबडीत तशीच विसरते.

मग खिसे. उभ्या-उभ्या चाचपू नका, प्रत्येक खिसा बाहेर काढून बघा. खिशाला भोक पडलं असेल तर किल्ली अस्तरातून खाली दुमडीत जाऊन बसते. पावसाळ्यात रेनकोटचे खिसे तपासा. रेनकोट झटकताना किल्ली उडून गटारात पडल्याचे प्रकार फार होतात, म्हणून जिथं रेनकोट काढला तिथली जमीनही बघा.

त्यानंतर आलेल्या वाटेनं उलट चालत जा. जिथं वाकलात, बसलात, पाकीट किंवा मोबाईल काढलात त्या जागा आधी. चहाची टपरी, रसवंती, चप्पल स्टँड, पार्किंगची पावती फाडणारा पोरगा, एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी, सगळीकडे विचारा आणि तुमचा नंबर देऊन या. यात्रेत, उरुसात किंवा गणपतीच्या मंडपात ध्वनिक्षेपक असतो. तिथं सांगून पुकारायला लावा. पण पुकारताना गाडीचा नंबर आणि गाडी कुठं लावली आहे हे सांगू देऊ नका. ‘काळ्या दोरीत ओवलेली किल्ली’ एवढी खूण पुरे.

या वेळात काही गोष्टी हट्टानं टाळा. हँडलला लाथा मारून किंवा हिसडून लॉक तोडू नका. लॉक तुटतं, पण सोबत ते जिथं अडकतं ती चेसिसची खाचही खराब होते आणि खर्च वाढतो. स्क्रू-ड्रायव्हर इग्निशनमध्ये ठोकू नका. आतल्या पट्ट्या वाकल्या की किल्लीवाल्यालाही काही करता येत नाही. कुणी ‘वायरी तोडून चालू करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. वायरिंग जळालं तर लॉकसेटपेक्षा जास्त भुर्दंड पडतो आणि हँडल लॉक तरीही तसंच राहतं.

गाडी तिथंच सोडावी लागली तर

ज्याला किल्ली सापडली तो त्याच पार्किंगमध्ये एकेक गाडीला लावून बघू शकतो. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणि कुलूप आणा आणि मागच्या चाकातून साखळी घालून गाडी खांबाला किंवा झाडाला बांधा. पार्किंगवाल्याला, दुकानदाराला किंवा समोरच्या घरातल्यांना सांगून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली आहे का, तेही पॉलिसीत बघा.

हँडल लॉक असलेली गाडी ढकलत नेता येत नाही, ती गोलच फिरते. दोघांनी पुढचं चाक उचलून धरायचं आणि तिसऱ्यानं मागून ढकलायचं, एवढं करून पाच-पन्नास पावलं जाता येतं. त्याहून लांब न्यायची असेल तर छोटा हत्ती बोलवा आणि फळी लावून गाडी चढवा. लॉक केलेली गाडी टेम्पोत घालताना कुणीही तुम्हाला हटकू शकतं, आणि हटकावंच. मोबाईलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये आरसी उघडून ठेवा, म्हणजे प्रश्न मिटतो.

दुसरी किल्ली घरी असेल तर

मग प्रश्न फक्त ती आणायचा. आमच्याकडं सातारा-सांगली भागात वडापवाल्याकडं, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या खासगी जीपवाल्याकडं, देऊन निम्मं काम होतं. पाकिटात घालून, वर दोन्हीकडचे नंबर लिहून द्या. मात्र ती किल्ली हातात आल्यावर तिच्यावर गाडी घेऊन थेट किल्लीवाल्याकडं जा. घरी जाऊन जेवून उद्या बघू असं करू नका. तुमच्याकडं आता एकच किल्ली आहे आणि डुप्लिकेट करायला स्वस्तातला हाच शेवटचा दिवस आहे.

किल्लीवाला काय करतो

पालला त्या दिवशी उंब्रजहून किल्लीवाला आला. जुन्या लुनाच्या डिकीत त्याची पेटी होती. त्यानं आधी माझ्याकडं आरसी मागितली, नाव आणि गाडीचा नंबर जुळवला आणि मगच पेटी उघडली. जो काहीच न विचारता लॉकला हात घालतो त्याच्याकडून मी तरी काम करून घेणार नाही.

लॉकच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीच्या मागं बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते त्या पट्ट्यांना ठरलेल्या उंचीवर आणून ठेवतात, सगळ्या एका रेषेत आल्या की लॉक फिरतं. किल्लीवाल्यानं माझ्या गाडीच्या खाचेची कोरी किल्ली काढली, काडी पेटवून तिच्यावर काजळी धरली आणि लॉकमध्ये घालून हलकेच दाबली. बाहेर काढून उन्हात तिरकी धरली तेव्हा काळ्या पाठीवर चार-पाच चमकते ठिपके दिसत होते, मोहरीच्या दाण्याहून बारीक. त्या ठिपक्यांवर त्यानं कानस दोन वेळा फिरवली. पुन्हा काजळी, पुन्हा लॉक, पुन्हा ऊन. सव्वा तास हे चाललं होतं. एकदाही त्यानं जोर लावला नाही. शेवटी हँडल सुटलं, इग्निशन फिरलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या किल्लीनं टाकी उघडेना. मी पैसे देऊन मोकळा झालो होतो, तोही निघण्याच्या तयारीत होता. परत बसून त्यानं टाकीच्या झाकणासाठी अजून दोन दाते नीट केले. याचं कारण साधं आहे: इग्निशन, टाकी आणि सीट या तीन लॉकांमधल्या पट्ट्यांची संख्या आणि झीज सारखी नसते. एका लॉकवरून घडवलेली किल्ली दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी हा क्रम पाळा:

१. इग्निशन दहा वेळा चालू-बंद करा. एकदाही अडकायला नको.
२. हँडल लॉक लावून काढा.
३. टाकीचं झाकण उघडून बंद करा.
४. सीट किंवा साईड पॅनल उघडा. स्कूटर असेल तर डिकी.
५. किल्लीच्या कडेवरून बोट फिरवा. खरखर लागली तर कानस मारून गुळगुळीत करून घ्या. ती खरखर आतलं पितळ खाते.

मी त्या दिवशी चारशे रुपये दिले, येण्या-जाण्यासह. हातात नमुना असता तर तेच काम त्याच्या यंत्रावर पाच मिनिटांत झालं असतं.

डुप्लिकेट करताना कोरी किल्ली जाड आणि टणक मागा. मऊ धातूची स्वस्त किल्ली हँडल लॉक करताना पिळते. आणि डुप्लिकेटवरून डुप्लिकेट करू नका. प्रत्येक नकलेत केसभर फरक पडतो, तिसऱ्या नकलेपर्यंत तो पट्ट्यांना कळण्याएवढा होतो. कंपनीची मूळ किल्ली शिल्लक असेल तर तीच नमुना म्हणून नेहमी वापरायची.

ॲक्टिवासारख्या बऱ्याच स्कूटरमध्ये किल्लीच्या भोकावर चुंबकी झाकण असतं. ते उघडणारं चुंबक मूळ किल्लीच्या मुठीत असतं. साध्या डुप्लिकेटमध्ये ते नसतं, म्हणजे तिनं गाडी चालू होईल, पण झाकण बंद झालं तर किल्ली आत जाणारच नाही. अशी गाडी असेल तर किल्लीवाल्याला चुंबकासकटच किल्ली करून मागा.

किल्ली हरवली नसून लॉकमध्ये तुटली असेल तर दोन्ही तुकडे जपा. ते जुळवून नवी किल्ली कापता येते. उरलेला तुकडा लावून आतला ढकलू नका आणि फेव्हीक्विकचा प्रयोग तर अजिबात नको. गोंद पट्ट्यांवर गेला की लॉक संपलं.

नुसती किल्ली की पूर्ण लॉकसेट?

इथं एकच प्रश्न स्वतःला विचारा: ज्याला किल्ली सापडेल त्याला ती कुठल्या गाडीची आहे हे कळू शकतं का? कोयनेच्या पाण्यात पडली, प्रवासात दोनशे किलोमीटरवर हरवली, तर डुप्लिकेट पुरे. पण घराजवळ, कॉलेजात, कंपनीच्या पार्किंगमध्ये हरवली असेल, किंवा पाकीट, आरसी, लायसन असलेल्या बॅगेसकट गेली असेल, किंवा कुणी मुद्दाम उचलल्याचा संशय असेल, तर लॉकसेटच बदला. तिथं पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

लॉकसेटमध्ये इग्निशनचं लॉक, टाकीचं झाकण आणि सीट किंवा साईड पॅनलचं लॉक असतं, सगळ्यांना एकच किल्ली. साध्या गाडीला हे हजार-दोन हजारांच्या घरात बसतं, मोठ्या गाडीला जास्त. काही जण फक्त इग्निशन बदलतात. ते स्वस्त पडतं, पण मग चालू करायला एक आणि पेट्रोलला दुसरी अशा दोन किल्ल्या कायमच्या गळ्यात पडतात. शक्यतो कंपनीचाच सेट घ्या; बाजारातल्या हलक्या सेटची किल्ली वर्षभरात झिजते.

शोरूमला जाताना आरसी, स्वतःचं ओळखपत्र आणि किल्लीचा नंबर घेऊन जा. हा नंबर कुठं असतो? नवी गाडी घेताना किल्ल्यांच्या कडीत एक छोटी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते तिच्यावर, नाहीतर किल्लीच्या मुठीवरच कोरलेला. बरेच जण ती पट्टी पहिल्याच दिवशी फेकून देतात. काही गाड्यांना त्या नंबरावरून नवी किल्ली मागवता येते, तेव्हा आजच सर्व्हिस पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. नंबराचा किंवा किल्लीचा फोटो मात्र कुठल्या ग्रुपवर टाकू नका. दात्यांच्या स्वच्छ फोटोवरून जाणकार माणूस किल्ली घडवू शकतो.

अलीकडच्या काही गाड्यांना स्मार्ट किल्ली असते. होंडानं जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिवा एच-स्मार्ट आणली. त्यातली किल्ली खिशात ठेवून साधारण दोन मीटरच्या आत आलं की गाडी ओळखते. अशी किल्ली रस्त्यावर घडवता येत नाही. नवी किल्ली गाडीशी जोडावी लागते आणि ते काम अधिकृत शोरूमच्या यंत्रावरच होतं. जोडताना हरवलेल्या किल्लीची ओळख गाडीतून पुसायला सांगा आणि ती पुसली गेली याची खात्री करून घ्या. महागड्या परदेशी गाड्यांमध्ये मुठीत चिप असते, तिथंही हाच नियम.

पोलिसांत नोंद आणि विमा

‘किल्लीसाठी कोण पोलिसांत जातं’ असं वाटेल. पण गाडी पुढं कधी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ किल्ल्या मागते, सहसा दोन्ही. एकच दिली तर दुसरी कुठं आहे हा पहिला प्रश्न येतो आणि दावा तिथं अडकतो. त्यावेळी तुमच्याकडं कागद हवा.

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. तारीख, जागा, गाडीचा नंबर टाकून मिळालेली पावती छापून घ्या. किल्लीवाल्याचं किंवा शोरूमचं बिल तिला जोडा आणि विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा: अमुक तारखेला किल्ली हरवली, नवी केली किंवा लॉकसेट बदलला. बॅग चोरीला गेली असेल तर मात्र नुसती हरवल्याची नोंद पुरेशी नाही. ठाण्यात जाऊन एफआयआर करा आणि तिची प्रत घ्या, ती फुकट मिळते. किल्ली बदलून देणारं वाढीव संरक्षण तुमच्या पॉलिसीत आहे का, हेही नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

परत हरवू नये म्हणून

सगळ्यात आधी तुमचं इग्निशन तपासा, कारण कधी कधी दोष माणसाचा नसतोच. गाडी स्टँडवर लावा, इग्निशन चालू करा आणि किल्ली हलकेच ओढा. ती बाहेर आली तर लॉक झिजलं आहे. जुन्या गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं: गाडी चालू राहते आणि किल्ली स्पीडब्रेकरवर उडून पडते, चालवणाऱ्याला घरी पोचल्यावर कळतं. अशा लॉकला किल्ली दोरीनं बांधून दिवस काढू नका, लॉक बदला.

जड कीचेननं ही झीज लवकर होते. घर, कपाट, दुकान, गोडाऊन असा सगळा जुडगा इग्निशनला लोंबकळत असतो आणि प्रत्येक खड्ड्यात आतल्या पट्ट्यांना झटका देतो. गाडीची किल्ली वेगळ्या कडीत ठेवा. शिवाय मग गाडीची किल्ली हरवली तरी घराबाहेर तरी अडकणार नाही. पावसाळ्यात किल्ली जड फिरू लागली की लोक लॉकमध्ये इंजिन ऑईल सोडतात. त्यावर धूळ बसून खळ होते. त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासा आणि चार-पाच वेळा आत-बाहेर करा. कोकणात, जिथं खारी हवा आहे, तिथं हे महिन्यातून एकदा करावं.

आता सवयी. माझी आजी कोठीच्या किल्ल्या कनवटीला खोचायची आणि आजोबा त्यांच्या पेटीची किल्ली करगोट्याला बांधायचे. दोघांच्याही किल्ल्या कधी हरवल्या नाहीत, कारण त्यांची जागा अंगावर होती आणि ती जागा रोज तीच होती. मी आता किल्लीला छोटी दोरी लावून ती पट्ट्याच्या लूपमध्ये अडकवतो आणि किल्ली पँटच्या उजव्या खिशात सोडतो. शर्टाचा खिसा कायमचा बंद. घरी दारामागं एक खुंटी आहे. चप्पल काढायच्या आधी किल्ली तिथं जाते. खुंटी खिडकीतून दिसणार नाही अशा जागी हवी.

स्कूटरवाल्यांसाठी एकच नियम: सीट दाबण्याआधी किल्ली मुठीत दिसली पाहिजे. भाजीची पिशवी डिकीत ठेवताना किल्ली तिच्यासोबत आत जाते आणि सीट खट्कन बसते. तसं झालं तर सीट उचकटू नका, दुसरी किल्ली मागवा.

समुद्रावर जाताना किल्ली पोहायच्या कपड्यांत ठेवू नका. गुहागर असो की तारकर्ली, वाळूत पडलेली किल्ली सापडत नाही. काठावर बसणाऱ्या एकाकडं सगळ्यांच्या किल्ल्या द्या. लांबच्या प्रवासाला दुसरी किल्ली नेत असाल तर ती मागं बसणाऱ्याच्या किंवा दुसऱ्या गाडीवरच्या माणसाच्या खिशात ठेवा, स्वतःच्याच बॅगेत नाही. आणि गाडीतच कुठंतरी दडवून ठेवायची युक्ती सोडून द्या; त्या जागा चोराला तुमच्याआधी माहीत असतात.

कडीला भडक रंगाची रिबीन किंवा मोठा रबरी बिल्ला लावा, गवतात आणि मातीत तो दिसतो. त्यावर मोबाईल नंबर लिहा. घरचा पत्ता नको, गाडीचा नंबर तर मुळीच नको. एअरटॅगसारखे ट्रॅकर शहरात उपयोगी पडतात, पण ते आसपासच्या फोनच्या आधारानं जागा कळवतात. माणसांची वर्दळ नसलेल्या रानात किल्ली पडली तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्यांची बॅटरी साधारण वर्षभरानं बदलावी लागते, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या किल्लीची जागा घरातल्या किमान दोन माणसांना माहीत हवी. कपाटात कुठंतरी असणं म्हणजे नसणंच. आमच्याकडं पालला घडवलेली किल्लीच आता मूळ मानून आरसीच्या फाईलमध्ये, विम्याच्या कागदांसोबत पाकिटात ठेवली आहे, आणि रोज आम्ही वापरतो ती डुप्लिकेट. कुणा पाहुण्याला गाडी दिली तर डुप्लिकेटच द्यायची. ती हरवली, की त्याच आठवड्यात मूळ किल्ली बाहेर काढायची, नवी नक्कल करायची आणि मूळ किल्ली परत पाकिटात.

जुनी गाडी विकत घेताना मालकाकडं दोन किल्ल्या मागा. एकच असेल तर दुसरी कुठं आहे याचं उत्तर ऐका, आणि उत्तर काहीही असलं तरी लॉकसेटचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. व्यवहार झाला त्याच आठवड्यात सेट बदला.